उपमान इतिहासाचे, उपमेय निवडणुकीचे : मराठी राजकीय भाषणांतील ऐतिहासिक तुलनांचा अलंकारशास्त्रीय विचार

(१)

मराठीत अलंकारांची चर्चा प्रामुख्याने काव्याच्या संदर्भात झाली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातही उपमा, रूपक, अतिशयोक्ती यांची उदाहरणे पंडिती काव्यातून किंवा आधुनिक कवितेतून घेतली जातात. सभेतील वक्तृत्व हे अलंकारांचे तितकेच मोठे क्षेत्र आहे. मात्र ते समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. भाषण हे तात्कालिक, म्हणून ते वाङ्मय नव्हे, असा एक अलिखित संकेत त्यामागे असावा. वस्तुतः महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या कानावर वर्षभरात जितक्या उपमा पडतात, त्यांतील फार मोठा वाटा व्यासपीठावरून आलेला असतो आणि त्यातही इतिहासातून घेतलेल्या उपमानांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. अफझलखान, औरंगजेब, अबदाली, अनाजीपंत, सूर्याजी पिसाळ, पेशवाई, पानिपत ही मराठी राजकीय भाषेची नित्याची सामग्री आहे.

या तुलना दिशाभूल करतात, ही तक्रार नवी नाही. इतिहाससंशोधक ती नेहमी करतात आणि 'हा इतिहास चुकीचा आहे' असे सांगून थांबतात. परंतु तुलनेतील इतिहास अगदी बिनचूक असूनही तुलना फसवी असू शकते. उलट तपशिलात चुकलेली तुलनाही एखादे वेळी मार्मिक ठरते. दोष कोठे आहे हे शोधायचे तर केवळ दफ्तरे चाळून भागणार नाही. तुलनेची रचना तपासावी लागेल. त्यासाठी लागणारी साधने आपल्या साहित्यशास्त्रात आणि न्यायशास्त्रात तयार आहेत.

(२)

उपमेची चार अंगे सर्वपरिचित आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. मम्मटाने उपमेचे लक्षण सांगताना साधर्म्याइतकेच महत्त्व भेदाला दिले आहे. दोन वस्तूंत भेद असताना त्यांच्यातील साधर्म्य दाखवणे म्हणजे उपमा. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणणाऱ्याला मुख चंद्र नाही हे ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. भेदाचे हे भान सुटले की उपमा राहत नाही. अभेदाचा आरोप झाला की रूपक होते. आणि उपमानाने उपमेयाला पार गिळून टाकले, उपमेयाचा उच्चारच उरला नाही, की त्या अध्यवसानाला अतिशयोक्ती म्हणतात.

राजकीय तुलनेचा प्रवास नेमका या तीन पायऱ्यांनी होतो. 'यांचे वागणे अबदालीसारखे आहे' ही पहिली पायरी. येथे श्रोता अजून विचारू शकतो की कोणत्या बाबतीत? 'हे अबदालीच आहेत' ही दुसरी. आणि 'अबदाली पुण्यात आला होता' ही तिसरी. तिसऱ्या पायरीवर विवाद्य व्यक्तीचे नाव, तिचे धोरण, तिचा कायदा, तिचा अर्थसंकल्प यांपैकी काहीही वाक्यात शिल्लक नसते. उपमेय गिळले गेले आहे. काव्यात हे गिळणे आनंददायक ठरते, कारण सहृदय वाचक ते पुन्हा बाहेर काढू शकतो. सभेत ते बाहेर काढण्याला कोणी वाव ठेवत नाही.

याहून महत्त्वाचा प्रकार लुप्तोपमेचा आहे. चार अंगांपैकी एखादे वगळले तरी उपमा सिद्ध होते. राजकीय वक्त्याला सर्वांत प्रिय असते ती धर्मलुप्ता; म्हणजे ज्या गुणामुळे तुलना केली तो गुणच न सांगणे. गुण सांगितला की तो तपासता येतो. न सांगितला की प्रत्येक श्रोता आपापल्या मनातून तो भरतो. काव्याचा रसिक ही रिकामी जागा संस्काराने भरतो. जाहीर सभेचा श्रोता ती बहुधा पूर्वग्रहाने भरतो आणि वक्त्याला ते हवेच असते. उद्या कोणी जाब विचारला तर 'मी तसे म्हटलेच नव्हते' असे म्हणण्याची सोय राहते. या दृष्टीने धर्मलुप्तोपमा हा कायद्याच्या कचाट्यातून सुटणारा अलंकार आहे.

(३)

न्यायशास्त्र येथे आणखी एक कसोटी पुरवते. परार्थानुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव आहेत. उदाहरण हा त्यांतील तिसरा. तो एकटा काहीच सिद्ध करत नाही. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आधी मान्य असली तर स्वयंपाकघराचे उदाहरण उपयोगी पडते. राजकीय तुलनेत हेतू आणि व्याप्ती दोन्ही गाळून थेट उदाहरणावरून निगमनावर उडी घेतली जाते.

परंतु या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे ती न्यायसूत्रांतील दृष्टान्ताची व्याख्या. ज्या गोष्टीविषयी लौकिक माणूस आणि परीक्षक या दोघांची समजूत सारखी असते, ती गोष्ट दृष्टान्त होण्यास पात्र, असा त्या व्याख्येचा आशय आहे. लौकिक म्हणजे ज्याने शास्त्राचा अभ्यास केलेला नाही तो. परीक्षक म्हणजे ज्याने केला आहे तो. स्वयंपाकघरात धुराबरोबर विस्तव असतो याविषयी स्वयंपाकीण आणि नैयायिक यांच्यात मतभेद नाही, म्हणून तो दृष्टान्त. अफझलखानाविषयी मात्र सभेतील श्रोत्याची आणि जेधे शकावली वाचलेल्या अभ्यासकाची समजूत सारखी नाही. म्हणजे शास्त्रदृष्ट्या ते दृष्टान्त होऊ शकत नाही. तो दृष्टान्ताभास आहे. अल्पमाहितीच्या मतदाराला उद्देशून केलेली फसवी तुलना म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या आधुनिक ग्रंथांतही सहसा सापडत नाही. लौकिक आणि परीक्षक यांच्या समजुतींत जे अंतर आहे, त्या अंतरावरच अशी तुलना जगते.

ॲरिस्टॉटलनेही वक्तृत्वावरील ग्रंथात ऐतिहासिक उदाहरणाचा विचार केला आहे. डायोनिसियस अंगरक्षक मागतो आहे, म्हणून त्याला हुकूमशहा व्हायचे आहे. कारण पूर्वी पिसिस्ट्रेटसने अंगरक्षक मागितले आणि तो हुकूमशहा झाला, मेगारात थिॲजेनिसने तेच केले. ॲरिस्टॉटल या युक्तिवादाला त्याज्य म्हणत नाही. पण त्याने दिलेल्या उदाहरणात एक शिस्त आहे : समान धर्म (अंगरक्षक मागणे) उघड सांगितला आहे आणि पूर्वीची उदाहरणे एकाहून अधिक आहेत. श्रोत्याला आक्षेप घ्यायला जागा आहे. मराठी सभेतील तुलनांना ही साधी कसोटी लावली तरी बहुतेकींचा निकाल लागतो.

(४)

अफझलखान हे मराठी राजकीय भाषेतील सर्वांत जुने आणि सर्वांत राबलेले उपमान. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्याचे एक दृश्य प्रत्येक मराठी माणसाच्या मनात पक्के आहे : शामियाना, मिठी, कट्यार, वाघनखे. हे दृश्य पोवाड्यांनी, चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने, भालजी पेंढारकरांच्या चित्रपटाने, बाबासाहेब पुरंदरे यांच्या लेखनाने आणि १९८५ पासून रंगमंचावर आलेल्या 'जाणता राजा'ने पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहे. तेव्हा मराठी मतदार इतिहासाबाबत अडाणी आहे, हे म्हणणे खरे नाही. त्याला एक दृश्य फार चांगले ठाऊक आहे. त्याच्या मागचे आणि पुढचे ठाऊक नाही. तुलना करणारा त्याच्या अज्ञानापेक्षा या एका दृश्याच्या ज्ञानावर विसंबतो.

ऑक्टोबर २०१४ मधील विधानसभा निवडणुकीचे उदाहरण घ्यावे. २५ सप्टेंबर रोजी शिवसेना-भाजप युती तुटली आणि दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पंतप्रधान आणि केंद्रातील मंत्री प्रचारासाठी महाराष्ट्रात येऊ लागले, तेव्हा उद्धव ठाकरे यांनी त्यांना अफझलखानाच्या फौजेची उपमा दिली. उपमेचा सूचित धर्म असा की दिल्लीहून परके लोक महाराष्ट्र जिंकायला आले आहेत. श्रोत्यांना ती तत्काळ पटली, कारण 'दिल्ली' या शब्दात मोगलांची राजधानी आणि भारतीय संघराज्याची राजधानी यांचा श्लेष आपसूक होतो.

आता परीक्षकाची समजूत पाहावी. अफझलखान दिल्लीहून आलाच नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता आणि स्वारीच्या आधी कित्येक वर्षे वाईचा सुभेदार होता. जावळीच्या परिसराची, तिथल्या देशमुखांच्या भांडणांची त्याला चांगली माहिती होती. त्याच्या मोहिमेचा भरवसाच त्यावर होता. जून १६५९ मध्ये मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने गेली. कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि आपल्या वतनावर पाणी सोडून स्वराज्याच्या बाजूने राहिले. त्याच रोहिडखोऱ्यातील उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानाला मिळाला. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ, दोघेही ब्राह्मण. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता, तर खानाच्या सैन्यात मंबाजी भोसले.

म्हणजे जावळीतला संघर्ष 'आतले' विरुद्ध 'बाहेरचे' असा नव्हताच. प्रत्येक देशमुखापुढे प्रश्न होता तो वतनाचा आणि निष्ठेचा. एकाच खोऱ्यातील दोन घराण्यांनी त्याची परस्परविरोधी उत्तरे दिली आणि कान्होजींच्या उत्तराचे मोल म्हणूनच आहे. हा पेच श्रोत्यापुढे आला असता तर उपमा अधिक सखोल झाली असती. पण मग ती निवडणुकीला निरुपयोगी ठरली असती. आपल्याच खोऱ्यातला शेजारी समोरच्या छावणीत का गेला, हा विचार मतदाराला करावा लागला असता.

पुढची घटना बोलकी आहे. मतदान १५ ऑक्टोबरला झाले आणि ५ डिसेंबर २०१४ रोजी शिवसेनेचे मंत्री भाजपच्या मंत्रिमंडळात सामील झाले. राजकारणात तडजोड निषिद्ध नाही. परंतु अफझलखानाशी मंत्रिमंडळ बनवता येत नसते. दोन महिन्यांत उपमेय उपमानाच्या पोटातून सुखरूप बाहेर आले, यावरून ती तुलना प्रतिपक्षाविषयीचे विधान म्हणून कधी केलीच गेली नव्हती हे दिसते. ती सभेतल्या टाळीपुरती होती. आणि ज्यांनी ती मनापासून ऐकली त्यांचीच तेवढी पंचाईत झाली.

(५)

याच उपमानाचा जुना प्रयोग तुलनेसाठी अधिक उद्बोधक आहे, कारण त्या वेळी एका ऐतिहासिक तुलनेवर प्रत्यक्ष न्यायालयात खल झाला.

१८९६ मध्ये शिवाजी-उत्सव सुरू झाला. पुढच्या वर्षी १२ जून रोजी पुण्यातील उत्सवात प्रा. चिंतामण गंगाधर भानू यांनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले आणि अध्यक्षपदावरून बोलताना टिळकांनी गीतेच्या आधारे त्या कृत्याचे समर्थन केले. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही प्रसिद्ध झाली. पुण्यात त्या वेळी प्लेगच्या बंदोबस्तामुळे असंतोष धुमसत होता. २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांना जुलैच्या अखेरीस अटक झाली, सप्टेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला आणि १४ सप्टेंबर रोजी सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मताने अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सहाही युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तिघेही हिंदी ज्यूरर निर्दोष.

खटल्याचा मध्यवर्ती प्रश्न साहित्यशास्त्रीय होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मजकुरात इंग्रज सरकार हे उपमेय शब्दशः उच्चारलेले नसताना 'केसरी'चा वाचक ते भरून घेईल काय? सरकार पक्षाचे म्हणणे, नक्कीच घेईल. बचावाचे म्हणणे, ही दोनशे अडतीस वर्षांपूर्वीच्या घटनेची ऐतिहासिक चर्चा आहे. ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी येत नव्हते. त्यांच्यापुढे भाषांतर होते. धर्मलुप्तोपमेचा अर्थ ठरवण्याचे काम ती भाषा न जाणणाऱ्यांकडे गेले आणि त्यांनी तो ठरवला.

येथे एक भेद नोंदवणे अगत्याचे आहे. पारतंत्र्यात उपमेय लपवणे ही गरज होती. उघड बोलण्याची शिक्षा तुरुंगवास होती आणि लपवूनही ती चुकली नाही. स्वतंत्र देशातील निवडणुकीत वक्त्याला आपले म्हणणे उघड सांगण्याची मुभा असते. तेथेही उपमेय आणि साधारण धर्म लपवले जातात, तेव्हा त्यामागे भय नसून सोय असते. जुन्या शैलीचा वारसा म्हणून आजच्या तुलनांचे समर्थन केले जाते, ते या कारणाने टिकत नाही.

दुसरे असे की टिळकांनी पुढे, १९०६ मध्ये 'मराठा' पत्रात शिवाजी-उत्सवाविषयी लिहिताना तुलनेची मर्यादा स्वतःच घालून दिली. शिवाजी महाराजांच्या कृतींचे जसेच्या तसे अनुकरण करणे हा उत्सवाचा हेतू नाही, काळ बदलला आहे, घ्यायची ती प्रेरणा. आणि भविष्यातील नेता हिंदुस्थानच्या कोणत्याही भागात, कोणत्याही समाजात, मुसलमानांतही जन्माला येऊ शकेल, असा त्या लेखाचा रोख आहे. मम्मटाच्या परिभाषेत सांगायचे तर भेदाचा उच्चार करून केलेली ही उपमा आहे. १८९७ आणि १९०६ या दोन लेखनांची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे करावी इतकी ती फलदायी आहे.

आणि एकच उपमान किती परस्परविरुद्ध धर्मांसाठी वापरता येते, हेही याच काळात दिसते. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना शूद्रातिशूद्रांचा, शेतकऱ्यांचा राजा म्हणून पाहिले. न्या. रानडे यांनी १९०० मधील ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाचा संबंध संतांच्या चळवळीशी जोडला. कृष्णराव अर्जुन केळूसकरांचे १९०६ चे चरित्र, गोविंद पानसरे यांची १९८८ ची पुस्तिका, प्रत्येक ठिकाणी उपमान तेच, धर्म वेगळा. परंतु या सर्वांनी आपला धर्म सांगितला, त्यासाठी पुरावे मांडले आणि वाद ओढवून घेतला. फरक आहे तो येथे.

(६)

जून २०१६ मध्ये कोल्हापूरच्या घराण्यातील संभाजीराजे यांची राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून निवड झाली. त्यावर शरद पवार यांनी केलेली टिप्पणी गाजली : पूर्वी छत्रपती पेशव्यांची नेमणूक करीत, आता पेशवे छत्रपतींची नेमणूक करतात, असा तिचा आशय होता. धर्मलुप्तोपमेचा हा अभ्यासपाठच आहे. वाक्याचे पूर्वार्ध-उत्तरार्ध आरशासारखे उलट; विनोदाला लागणारी लय नेमकी; आणि ज्या धर्मावर सारी उपमा उभी आहे तो, म्हणजे तत्कालीन मुख्यमंत्र्यांची जात, कोठेही उच्चारलेला नाही. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही तो शोधावा लागला नाही.

तपशील पाहू गेल्यास तुलना दोन्ही बाजूंनी ढासळते. राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांची निवड केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते, मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने नव्हे. आणि बाळाजी विश्वनाथ (१७१३), पहिला बाजीराव (१७२०), बाळाजी बाजीराव (१७४०) यांना पेशवेपद दिले ते साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी. कोल्हापूरची गादी वेगळी. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. ज्या घराण्याने पेशव्यांना कधी पद दिलेच नव्हते, त्याच घराण्याच्या वारसाला उद्देशून ही उपमा योजली गेली. सभागृहातील किती जणांनी हे मनाशी पडताळले असेल? बहुधा कोणीच नाही. पडताळण्यासाठी ते वाक्य नव्हतेच.

तरीही ही तुलना अफझलखानाच्या तुलनेपेक्षा सरस म्हणावी लागते. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर छत्रपतींची सत्ता नाममात्र होऊन कारभार पेशव्यांकडे गेला, या खऱ्या ऐतिहासिक उलथापालथीची तिला जोड आहे. चुकीची म्हणून ती टाकाऊ नाही. मात्र तिचे खरे बळ इतिहासात नसून न उच्चारलेल्या जातीत आहे. 'अनाजीपंत' हे संबोधन याच वळणाचे. अण्णाजी दत्तो हे शिवकालीन महसूलव्यवस्थेतील मोठे नाव. संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात ते सापडले आणि १६८१ मध्ये त्यांना देहदंड झाला. त्या कटात अन्य जातींचे सरदारही होते, हे संबोधन वापरताना कोणी आठवत नाही. व्यक्ती पुसली जाते, जात राहते.

(७)

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात दोन तुलना पाठोपाठ आल्या. जुलैमध्ये भाजपच्या अधिवेशनात अमित शहा यांनी उद्धव ठाकरे यांना औरंगजेबाच्या चाहत्यांच्या गटाचे नेते म्हटले. ऑगस्टच्या आरंभी उद्धव ठाकरे यांनी शहा यांना अहमदशहा अबदालीचे राजकीय वंशज म्हटले. दुसऱ्या तुलनेचा मूळ आधार 'शहा' या अक्षरांच्या साम्यापलीकडे शोधण्याचे कारण नाही. केवळ शब्दसाम्यावरही उपमा उभी राहू शकते, हे रुद्रटापासून आलंकारिकांना मान्य आहे. पण ती काव्यापुरती. राजकारणात त्या श्लेषाने काय झाकले ते पाहावे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे लढले ते दिल्लीच्या पातशाहीविरुद्ध नव्हे, तर १७५२ च्या करारान्वये तिचे संरक्षक म्हणून. त्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान गारदी होता. 'दिल्ली विरुद्ध महाराष्ट्र' या चौकटीसाठी पानिपताइतके गैरसोयीचे उदाहरण दुसरे नसेल. त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपल्या ग्रंथात या मोहिमेच्या उद्दिष्टांचा जो ऊहापोह केला आहे, तो वाचणाऱ्याला हे लगेच जाणवते.

'पानिपत होणे' हा वाक्प्रचार मात्र निरुपद्रवी आहे. कोणत्याही निवडणुकीनंतर हरलेल्या पक्षाचे वृत्तपत्रांत 'पानिपत' होते, तेव्हा अबदाली कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. ती रूढ लक्षणा झाली. तिच्यातला इतिहास विझला आहे. मृत रूपक कोणाला फसवत नाही.

औरंगजेबाच्या तुलनेत आणखी एक वळण आहे. प्रतिपक्षी औरंगजेब आहे असे म्हटले नाही. तो औरंगजेबाला मानणाऱ्यांबरोबर आहे, असे म्हटले. उपमेय दोन झाली : एक राजकीय विरोधक आणि दुसरा, अनुच्चारित, एक समाज. शिक्षा पहिल्याला मतपेटीत होते, दुसऱ्याला रस्त्यावर. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. म्हणजे हे उपमान कोणा एका पक्षाच्या मालकीचे नाही. परंतु त्याच सुमारास 'छावा' हा चित्रपट गर्दी खेचत होता, खुलदाबाद येथील कबर हटवण्याची मागणी पेटली होती आणि १७ मार्च रोजी नागपुरात दंगल उसळली. तीत माणूस दगावला. चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा राग लोकांत जागा झाल्याचा उल्लेख खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केला. १७०७ मध्ये मेलेल्या बादशहावरचा राग २०२५ मध्ये नेमक्या कोणत्या वस्तीकडे वळला, या प्रश्नाचे उत्तर उपमेयाच्या त्या अनुच्चारित अर्ध्या भागात आहे. ना. सं. इनामदारांच्या 'शहेनशहा' या कादंबरीने १९७० मध्ये मराठी वाचकापुढे म्हाताऱ्या, एकाकी औरंगजेबाचे मन उलगडले होते आणि वाचकांनी ती आवडीने वाचली. त्याच समाजात तेच नाव आज केवळ खूण म्हणून फिरते.

(८)

फसव्या तुलनेला केवळ अल्पशिक्षित मतदारच बळी पडतात, हा सुशिक्षितांचा आवडता समज आहे. त्याला धक्का देणारे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे. १९५६ मध्ये नासेरने सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांनी त्याच्यात मुसोलिनी पाहिला. ईडन अडाणी नव्हते. १९३८ मध्ये मुसोलिनीबाबतच्या धोरणावरील मतभेदामुळेच त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. नेमक्या त्या अनुभवाने त्यांना भेद दिसेनासा झाला. लष्करी कारवाई फसली आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. अर्नेस्ट मे या इतिहासकाराने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात राज्यकर्ते इतिहासातील साम्यांच्या आहारी कसे जातात याचा मागोवा घेतला आहे. ईडन यांनी ती तुलना श्रोत्यांसाठी रचली खरी, पण तिच्यावर सर्वांत गाढ विश्वास बसला तो त्यांचाच.

मराठी व्यासपीठावर याच्या उलट चित्र दिसते. येथे वक्त्याचा आपल्या तुलनेवर विश्वास असल्याचे क्वचितच जाणवते, हे २०१४ च्या उदाहरणात दिसलेच. क्वचित एखादी तुलना दोन्ही दोषांतून सुटते. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे उद्गार निघाले. त्यात व्यक्तीऐवजी पर्वत आले. कोणी अफझलखान ठरला नाही, कोणाची जात सूचित झाली नाही. साधारण धर्म, म्हणजे उंची आणि आधार, उपमानातच दिसतो आणि दोन पर्वतांतील भेद कोणाच्या नजरेतून सुटत नाही. इतिहास तिथे पार्श्वभूमीला आहे. तो कोणाविरुद्ध शस्त्र म्हणून उपसलेला नाही.

(९)

अध्यापनाच्या दृष्टीने येथे एक सूचना करता येण्यासारखी आहे. अलंकारांच्या तासाला एक आठवडा वृत्तपत्रांत आलेल्या भाषणांतील ऐतिहासिक तुलना विद्यार्थ्यांकडून जमा करून घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे उपमेय, उपमान, धर्म, वाचक असे चार रकाने भरायला सांगावेत. वाचकाचा रकाना बहुधा रिकामा राहील. रूपक झाल्याची ती खूण. धर्माचा रकाना भरताना वर्गात एकवाक्यता होणार नाही आणि खरी चर्चा तेथून सुरू होईल. काही विद्यार्थी तो रकाना भरायला कचरतील; जो शब्द मनात आला तो लिहिण्याजोगा नाही, असे त्यांना वाटेल. तो न लिहिलेला शब्द कोणता, हे मोठ्याने विचारण्याचे काम मात्र शिक्षकालाच करावे लागेल.